होडीचा तळ कसला घ्यावा? दिवाळे ते घारापुरी, चार होड्यांच्या नोंदी

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

काम असं आहे. मामांना आणि दादाला नवी फायबर होडी बांधून घ्यायची आहे. हिवाळ्यात गळ टाकायला येणारे हौशी लोक आणि घारापुरीला जाणारी कुटुंबं न्यायची, एका वेळी आठ माणसं. धक्का दिवाळ्याचा, म्हणजे बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्याचा. तळ कसला घ्यायचा यावर घरात गणपतीपासून वाद चालू आहे. मामांना जुन्यासारखाच गोल तळ आणि डिझेल इंजिन हवंय. दादाला खोल व्ही, म्हणजे इंग्रजी V सारखा टोकदार तळ, हवाय, कारण तशी होडी त्याने मांडव्याला पाहिली आणि ती त्याच्या डोळ्यात भरली. मेस्त्री म्हणतो सपाट तळ घ्या, स्वस्त पडेल. मधेच कोणीतरी कॅटामरान, म्हणजे जोडलेल्या दोन तळांची होडी, सुचवली.

माझं रोजचं काम वर्कशॉपमधलं, म्हणून मोजमापाचं खातं माझ्याकडे आलं. चार होड्या मिळाल्या:

मामांची २६ फुटी, गोल तळ, दोन सिलिंडरचं २२ हॉर्सपॉवर डिझेल.
शेजाऱ्यांची २० फुटी सपाट तळाची फायबर, मागे बाहेरून टांगलेलं ४० हॉर्सपॉवरचं फोरस्ट्रोक आउटबोर्ड इंजिन.
दादाच्या मित्राची २२ फुटी खोल व्ही, ११५ हॉर्सपॉवर.
सर्व्हेच्या कामाला जाणारी २४ फुटी कॅटामरान, ४० ची दोन इंजिनं.

लांबी, वजन, इंजिन सगळंच वेगळं, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही हे मान्य. पण आमच्या इथे साधारण याच होड्या बांधून मिळतात. एकाच लांबीच्या चार होड्या शोधत बसलो असतो तर पावसाळा आला असता.

मामांनी वही बघून एवढंच म्हटलं, "कागदाव होरी नाय चालत, बाला."

९ नोव्हेंबर

आधी मामांची होडी. पेट्रोलच्या होडीचं तेल मोजणं सोपं आहे. सुटी टाकी काट्यावर टांगायची, फेरी मारून पुन्हा टांगायची, किलोला ०.७४ ने भागलं की लिटर मिळतात. डिझेलला मेख आहे. इंजेक्टरमधून उरलेलं डिझेल परतीच्या बारीक नळीने टाकीत येतं. आम्ही इंजिनाला डिझेल कॅनमधून दिलं, पण परतीची नळी मोठ्या टाकीतच राहिली. आकडा आला तासाला जवळजवळ साडेचार लिटर. मामा हसले, कारण महिन्याचं बिल त्यांना पाठ आहे. परतीची नळी कॅनमध्ये सोडल्यावर त्याच रेसला २.९ लिटर आलं. सकाळ त्यात गेली. ज्यांना डिझेल मोजायचंय त्यांनी दोन्ही नळ्या एकाच कॅनमध्ये घ्याव्यात.

दुसरी मेख प्रवाहाची. जीपीएस जमिनीवरचा वेग दाखवतो, पाण्यातला नाही. म्हणून एकाच रेसला तेवढंच अंतर जायचं आणि यायचं. इथे बरेच जण एकूण अंतराला एकूण वेळेने भागतात, ते चुकतं. समजा होडीचा पाण्यातला वेग ६ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किमी) आणि प्रवाह २ नॉट आहे. एका दिशेला ८, दुसरीला ४. एकूण अंतर भागिले एकूण वेळ केलं तर ५.३ येतात, कारण उलट्या दिशेला होडी जास्त वेळ असते. दोन वेगांची सरळ सरासरी घेतली की ६ येतात, आणि तेच बरोबर. हळू होडीत हा फरक डोळ्यांत भरण्याइतका असतो.

मामांच्या होडीचे आकडे: ५ नॉटला तासाला १.८ लिटर, ६ नॉटला २.९, आणि रेस पूर्ण दाबली की ६.८ नॉटला ४.४. शेवटचे दीड लिटर कुठे गेले ते मागे वळून बघितलं की दिसतं. पाठीमागे लाट उभी राहते, होडीचं बूड त्या खळग्यात बसतं आणि नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर जाते. अशा तळाची हद्द ठरलेली असते. पाण्यातल्या लांबीचं फुटांत वर्गमूळ घ्यायचं आणि १.३४ ने गुणायचं. आमची लांबी २४ फूट, वर्गमूळ ४.९, म्हणून साडेसहा नॉट. त्यापुढे इंजिन कितीही मोठं लावा, पैसे लाटा बनवण्यातच जातात. मामा कधीच सहाच्या वर नेत नाहीत. त्यांना हे सूत्र कोणी सांगितलेलं नाही, सायलेन्सरचा आवाज बदलला की ते रेस कमी करतात.

१५ नोव्हेंबर, शनिवार

एकादशी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, म्हणजे सव्वाआठ. पाणी भरलेलं असतानाच सपाट तळाची होडी काढली. मतलई वारा अगदी मंद, खाडी आरशासारखी.

अशा पाण्यात या होडीला तोड नाही. ४० हॉर्सपॉवरला पाच माणसं घेऊन ती झटक्यात पाण्यावर येते. १६ नॉटला, म्हणजे ताशी ३० किमीला, ११ लिटर. किलोमीटरला ०.३७ लिटर पेट्रोल, लिटरला १०४ रुपयांनी ३८ रुपये.

आता खरी गोष्ट. होडीचे मालक म्हणाले, आम्ही एवढं पळवत नाही, तेल वाचावं म्हणून निम्म्या रेसने जातो. तो वेग मोजला तर साडेनऊ नॉट, ताशी १७-१८ किमी, आणि तासाला ९ लिटर. किलोमीटरला ०.५ लिटर, ५२ रुपये. तेल वाचवायला हळू जातायत आणि प्रत्येक किलोमीटरला १४ रुपये जास्त मोजतायत.

या वेगाला होडी धड पाण्यात नसते, धड पाण्यावर नसते. नाळ आकाशाकडे, मागचा भाग बुडालेला, आणि इंजिन स्वतःच्याच लाटेवर होडी चढवत असतं. आमच्या खाडीत बहुतेक आउटबोर्ड होड्या याच वेगाने फिरताना दिसतात. एकतर पाच-सहा नॉटला सावकाश जा, नाहीतर हा चढ ओलांडून वर या. मध्ये रेंगाळणं सगळ्यात महाग. मला या सगळ्या खटाटोपातून एवढीच एक गोष्ट हाती लागली असती तरी चाललं असतं.

१६ नोव्हेंबर

आता आरामाचं मोजमाप. मोबाइलमध्ये फायफॉक्स नावाचं ॲप टाकलं, ते फोनमधल्या सेन्सरवरून धक्के नोंदवतं. पहिल्यांदा फोन पाण्यापासून वाचवायला बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून फळीला चिकटवला. प्लास्टिकने धक्के गिळले आणि आलेख माझ्या पाठीपेक्षा फारच सुखी निघाला. मग पातळ पिशवीत घालून थेट फळीवर टेपने आवळला.

दुपारी वारा वायव्येकडून उठला. पनवेल खाडीच्या तोंडाला ओहोटीचं पाणी बाहेर पळत होतं आणि वारा समोरून. अशा वेळी लाटा उंच नसतात, जेमतेम हाताएवढ्या, पण उभ्या आणि एकमेकींना चिकटून. सपाट तळाची होडी १४ नॉटला नेली. नाळेजवळच्या फळीवर ३ जीच्या (एक जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढा जोर) वर धक्के आले, एकदा ४ च्या जवळ. मामी पुढे बसल्या होत्या. दोन-तीन आपट्यांनंतर त्या उठून इंजिनाजवळ आल्या आणि घरी येईपर्यंत तिथून हलल्या नाहीत. मागे तोच धक्का दीड जी होता. म्हणजे गिऱ्हाइकाला पुढे बसवायचंच नाही. पण आठ जण मागे बसले की नाळ उठते आणि कालचा चढ आणखी उभा होतो.

वेग १० नॉटवर आणला तर आपटणं थांबतं. पण तोच तो महागडा वेग. सपाट तळाचा हिशेब वाऱ्यावर अवलंबून आहे असं त्या दिवशी लिहून ठेवलं. सकाळी ३८ रुपये, दुपारी ५२.

त्याच पाण्यात मामांची होडी नंतर नेली. आपटणं शून्य. आडव्या लाटेला मात्र ती लांब हेलकावा घेते, सावकाश पण खोल, आणि समुद्राची सवय नसलेल्या माणसाला उलटी व्हायला तो पुरेसा आहे. आलेखात हे दिसत नाही. फोनला मळमळत नाही.

खोल व्हीसुद्धा त्याच संध्याकाळी बघितली, पण काहीतरी बिनसलं होतं. ४००० आरपीएमला १७ नॉट आणि पूर्ण रेसला २४ च्या पुढे जाईना. मित्र म्हणाला पंखा (प्रॉपेलर) चुकीचा असेल. दादा म्हणाला पेट्रोल. मला तळ बघायचा होता, पण ती पाण्यात होती.

२२ नोव्हेंबर, शनिवार

उधाण. भरती दुपारी दीडला, म्हणून सकाळी साडेसातला पूर्ण ओहोटी. आदल्या रात्री खोल व्ही काठाजवळ आणून ठेवली, पाणी उतरलं की टेकावी म्हणून.

टेकली, आणि एका कुशीवर पडली. व्ही तळ चिखलात उभा राहत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं, पण साडेसातला प्रत्यक्ष बघायला वेगळं वाटतं. बाजूला बांधलेली सपाट तळाची होडी ताठ बसली होती. पडलेल्या बाजूची बॅटरी कलंडली, ॲसिड सांडलं नाही एवढंच. एका बाजूचा तळ खरवडायला मिळाला, दुसरी बाजू खाली दबलेली. तिच्यासाठी बांबूचे टेकू लावून पुढच्या ओहोटीची वाट बघावी लागली, म्हणजे रात्री आठला टॉर्च धरून.

तळाला बोटाच्या पेराएवढे बार्नाकल, म्हणजे चिकटून बसणारे कवचाचे जीव, इंजिनाच्या कंसाजवळ तर थर. पत्र्याच्या पट्टीने काढताना कर्रकर्र आवाज येतो आणि फुटलेल्या कवचांचा वास कपड्यांतून दोन धुण्यांत जात नाही. हातमोजे जाड घ्या, कडा ब्लेडसारख्या असतात. होडी गणपतीनंतर पाण्यातून निघालीच नव्हती, आणि खाली असे जीव धरू न देणारा अँटीफाऊलिंग रंगही नव्हता. ती विकत घेतली तेव्हा ट्रेलरवर ठेवायचा बेत होता म्हणे. ट्रेलर अजून यायचाय.

दिवाळ्याला, सारसोळ्याला किंवा ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्याला होडी ठेवणाऱ्याने हा मुद्दा तेलाच्या आधी बघावा. आमच्याकडे उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं आणि धक्क्यालगत चिखल उघडा पडतो. व्ही तळ घ्यायचा तर खोल पाण्यात नांगर आणि ये-जा करायला डिंगी (छोटी होडी), नाहीतर ट्रेलर. दोन्हीचा खर्च होडीच्या किमतीत धरायचा.

२९ नोव्हेंबर, शनिवार

नवमी, भांगाचं पाणी, म्हणजे कमी चढ-उताराचं. प्रवाह कमी म्हणून मोजायला सोयीचं. खरवडलेली खोल व्ही त्याच ४००० आरपीएमला २० नॉट गेली. तीन नॉट फक्त तळ साफ केल्याने. पंखा नीटच होता.

तिचं पेट्रोल आतल्या टाकीत असतं, ती काट्यावर टांगता येत नाही. नळी काढून सुट्या टाकीला जोडली. जाड नळीच वापरा, ११५ हॉर्सपॉवरला बारीक नळी पुरत नाही, पूर्ण रेसला इंजिन खोकायला लागतं.

आकडे: २० नॉटला तासाला २१ लिटर, किलोमीटरला ०.५७, म्हणजे ५९ रुपये. चढाच्या वेगाला, १० नॉटला, १८ लिटर. किलोमीटरला जवळपास एक लिटर, १०० रुपये. ५ नॉटला रांगत गेलं तरी तासाला ५ लिटर जातातच, कारण ती होडी रांगण्यासाठी बनलेली नाही.

पण दुपारी अटल सेतूच्या खालून पलीकडे गेलो आणि दादा का हट्ट धरतो ते कळलं. सेतूच्या आतली खाडी आणि पलीकडचं बंदर हे दोन वेगळे पाण्याचे प्रकार आहेत. तिथे वाऱ्याची लाट, मोठ्या लाँचेसची लाट, सगळं एकमेकांत मिसळतं. खोल व्ही १८ नॉटला त्यातून कापत गेली. नाळेजवळ दीड जी, क्वचित पावणेदोन. मामी पुढे बसून शेंगा सोलत होत्या.

थांबल्यावर मात्र चित्र पालटलं. गळ टाकायला इंजिन बंद केलं की ही होडी प्रत्येक लाटेला डोलते, आणि तीन माणसं एका कडेला आली की कलते. तळ जेवढा टोकदार, तेवढं उभं राहिल्यावर पाय रोवणं कठीण. गळवाल्यांचा निम्मा दिवस थांबलेल्या होडीत जातो.

६ डिसेंबर, शनिवार

कॅटामरान. हिच्याविषयी सगळ्यांच्या अपेक्षा मोठ्या होत्या.

चांगलं ते आधी. चढ जवळपास नाहीच. १० नॉटला ११ लिटर, १६ ला १८, २० ला २४. किलोमीटरला ०.६ ते ०.६५ लिटर, वेग कुठलाही असो. दोन अरुंद तळ लाट कमी उठवतात, त्यामुळे मधल्या वेगाचा दंड बसत नाही. जिथे वेग सारखा बदलावा लागतो, सर्व्हे किंवा पक्षी दाखवणं, तिथे ही शहाणी होडी. थांबल्यावर तर टेबलासारखी स्थिर, चार जण एका कडेला उभे राहिले तरी फरक नाही. चिखलात दोन पायांवर ताठ बसते.

मग वजन चढवलं. आठ माणसं रोज मिळत नाहीत म्हणून वीस लिटरचे पाण्याचे जार आणले, तीन जार म्हणजे एक माणूस. जार चढवत गेलो तसा दोन तळांमधला बोगदा पाण्याकडे खाली आला. पूर्ण भरल्यावर समोरच्या लाटा बोगद्याच्या छताला खालून धडकायला लागल्या. तो आवाज पत्र्यावर घण मारल्यासारखा आणि धक्का पायांच्या तळव्यातून थेट डोक्यात. शिवाय पुढून तुषारांचा फवारा, सगळे भिजले. रिकामी असताना हेच पाणी तिने सहज पार केलं होतं. तिरक्या लाटेला एक झटकेबाज हेलकावा आहे, मामांच्या होडीच्या उलट, छोटा पण तुटक. मामींना तो सगळ्यात वाईट वाटला.

आणि इंजिनं दोन. इम्पेलर, गिअर ऑइल, स्पार्क प्लग, सगळंच दुप्पट. आमच्या खाडीत पाण्यात गाळ एवढा की कूलिंगच्या पंपाचा रबरी इम्पेलर लवकर झिजतो. इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली की समजायचं. दर फेरीनंतर गोड्या पाण्याने धुणं दोन इंजिनांना करायचं म्हणजे टँकरचा विचार करावा लागेल, असं दादा म्हणाला, आणि कॅटामरानचा विषय तिथेच संपला.

१३ डिसेंबर, शनिवार

पुन्हा सपाट तळ. चढ कमी करता येतो का ते बघायचं होतं, कारण जी होडी घेऊ तिला हे लागणारच.

पहिला प्रयोग पंख्याचा. मालकांनी वेग वाढावा म्हणून ११ ऐवजी १३ पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात १३ इंच पुढे ढकलणारा, पंखा घेऊन ठेवला होता. लावला, आणि जार चढवल्यावर होडी पाण्यावर येईचना. पूर्ण रेसला इंजिन ४६०० आरपीएमच्या पुढे जाईना, पुस्तिकेत ५००० ते ६००० सांगितलंय. इंजिन कण्हत होतं. पिच एक इंचाने बदलला की साधारण १५० ते २०० आरपीएमचा फरक पडतो, हे गणित लक्षात ठेवून जुना ११ चा परत बसवला. भरलेल्या होडीला पुरेसा आरपीएम देणारा पंखा हवा, रिकाम्या होडीला नाही. तो १३ चा पंखा आता मेस्त्रीकडे विकायला आहे.

दुसरा प्रयोग फुकटचा होता आणि तोच लागू पडला. पेट्रोलची टाकी आणि बॅटरी इंजिनाजवळून काढून मध्यावर आणल्या, नळी आणि केबल वाढवून. माणसांच्या जागचे जारही मधल्या तिसऱ्या हिश्श्यात ठेवले. नाळ कमी उठली, चढ लवकर ओलांडला गेला, आणि १३ नॉटलाही होडी पाण्यावर टिकून राहायला लागली. आधी १४ च्या खाली आली की बसायची. दुपारच्या लाटेत हा एक नॉट कामाचा आहे.

पेट्रोलविषयी एक सूचना. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि बऱ्याच आउटबोर्डच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच परवानगी आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि खाडीवर ओलीला तोटा नाही. आम्ही पाणी वेगळं करणारा फिल्टर लावला, टाकी अर्धी ठेवायची नाही आणि पंधरा दिवसांपेक्षा जुनं पेट्रोल मोटारसायकलमध्ये घालून टाकायचं असं ठरवलं. फिल्टरच्या वाटीत पहिल्याच वेळी तळाशी थेंब दिसले.

२० डिसेंबर, शनिवार

अमावास्या. घरी बसून हिशेब. दिवाळे ते घारापुरी पाण्यातून साधारण साडेबारा किलोमीटर, जाऊन-येऊन २५. डिझेल ९० रुपये, पेट्रोल १०४. मच्छीमार संस्थेतून मिळणारा डिझेलचा करपरतावा धरलेला नाही, तो मासेमारीसाठी असतो.

स्थिर पाणी धरलं तर मामांची होडी ६ नॉटला ५९४ रुपये. सपाट तळ १६ नॉटला ९५३. खोल व्ही २० नॉटला १,४७६. कॅटामरान १६ ला १,५६०. मामा वही बघून खूश.

पण स्थिर पाण्यात घारापुरीला कोण जातं? धक्क्याला पाणी असेल तेव्हाच निघता येतं आणि तेव्हाच परत येता येतं. पूर्ण भरती बाराला असेल तर आपण साडेदहाला निघतो, म्हणजे भरती आत येत असताना बाहेर. लेणी बघून तीनच्या सुमारास परत, म्हणजे ओहोटी बाहेर जात असताना आत. दोन्ही वेळा प्रवाह समोरून! हे इतक्या वर्षांत कोणी मोजलं नव्हतं, कारण मासे मारायला जाताना मामा उलट करतात, ओहोटीबरोबर बाहेर आणि भरतीबरोबर घरी.

सरासरी दीड नॉट विरोध धरून पुन्हा हिशेब मांडला. मामांची होडी ५९४ वरून ७८६ वर गेली आणि एका बाजूला दीड तास लागायला लागला. सपाट तळ ९५३ वरून १,०५१. खोल व्ही १,५९७, कॅटामरान १,७२१. प्रवाह सगळ्यांना सारखाच, पण हळू होडीचा चौथा हिस्सा वेग तो खातो, पळणाऱ्या होडीचा दहावा. डिझेल आणि सपाट तळातला फरक ३५९ रुपयांवरून २६५ वर आला. तीन तास पाण्यात बसणाऱ्या कुटुंबाला हे २६५ रुपये आठ जणांत माणशी तेहतीसला पडतात.

मामा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, गळवाल्यांसाठी माझीच होडी राहू दे. आणि ते बरोबर आहे. गळवाल्यांना ओहोटीबरोबर न्यायचं आणि भरतीबरोबर आणायचं, थांबल्यावर जड गोल तळ दमाने बसतो, आणि ५ नॉटला ती होडी किलोमीटरला १७ रुपयांत जाते.

२७ डिसेंबर

घारापुरीच्या फेरीसाठी मधला मार्ग निघाला: नाळेकडे तीक्ष्ण आणि मागे जाता जाता चपटा होणारा मध्यम व्ही. पुढे लाट कापायला धार, मागे पाण्यावर यायला पसरट जागा. मागच्या टोकाला १२ ते १४ अंश उतार. खोल व्हीला तोच २१ ते २४ असतो, तेवढा आम्हाला नको. २१ फूट लांबी, ६० हॉर्सपॉवरचं एक इंजिन. कीलच्या, म्हणजे तळाच्या मधल्या कण्याच्या, दोन्ही बाजूंना जाड फायबरच्या पट्ट्या घालायच्या, म्हणजे चिखलात टेकली तर फार कलणार नाही आणि घासली तर पट्टी झिजेल, तळ नाही.

ज्यांना ठाणे खाडीत वाशी ते ऐरोलीच्या पट्ट्यात पक्षी दाखवायचेत त्यांनी माझे आकडे उचलू नयेत. तो फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग आहे, २०१५ पासून, आणि २०२२ पासून रामसर स्थळही. तिथे वेग वाढवायचाच नसतो. सपाट किंवा गोल तळ, छोटं इंजिन, बास. खोल व्ही तिथे नेणं म्हणजे किलोमीटरला अर्धा लिटर पेट्रोल रांगण्यावर घालवणं.

३ जानेवारी २०२६, शनिवार

साच्याचं मोजमाप करायला मेस्त्रीच्या शेडवर गेलो. तो म्हणाला तेरा अंश. मोबाइलमधला कोनमापक सरळ पट्टीवर ठेवून दोन्ही बाजूंनी मोजलं, तर डावीकडे साडेतेरा आणि उजवीकडे अकरा. एवढ्या फरकाने होडी पळताना एका बाजूला कलते आणि सुकाणू सतत धरून ठेवावं लागतं. मेस्त्रीने आधी फोन खोटा ठरवला. मग स्वतःचा लाकडी गुण्या आणून बघितलं आणि साचा एका टेकूवरून सरकल्याचं निघालं. टेकू नीट केल्यावर दोन्हीकडे तेराच्या आसपास आलं. फायबर ओतण्याआधी हे मोजायला अर्धा तास पुरतो.

बयाणा दिला. टाकीची जागा मध्यावर, बाकं मधल्या तिसऱ्या हिश्श्यात, नाळेजवळ फक्त नांगर आणि दोर, हे कागदावर लिहून त्याची सही घेतली. मेरीटाईम बोर्डाच्या सर्व्हेसाठी लाइफजॅकेट, अग्निशामक आणि नोंदणीचे कागद दादा बघतोय. इंजिन अजून ठरलेलं नाही. दादा ६० वरून ७५ वर गेलाय, मामांनी ५० म्हटलंय. होडी तयार झाली की आठ माणसांचे जार चढवून सोमवारी चाचणी घेऊ. सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात, लाँचेस कमी, पाणी मोकळं मिळतं.